खिडकीकडचा उतार

त्याने पाण्याने भरलेला पेला टेबलाच्या मधोमध ठेवला, गुडघे टेकून डोळे टेबलाच्या पातळीला आणले आणि एक डोळा मिटला. पेल्यातलं पाणी त्याला खिडकीकडे झुकलेलं दिसत होतं. शेजारी वाढलेलं ताट निवत चाललं होतं. मग त्याने कामाच्या पिशवीतून पाणसळ काढली आणि पेल्याला लागून आडवी ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा जरासा थरथरला आणि दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये जाऊन थांबला.

"मध्ये आहे की," बायको म्हणाली. शिलाई मशीनवरून उठून ती कधी मागे येऊन उभी राहिली होती, हे त्याला कळलंच नव्हतं.

"तेच तर."

"तेच तर म्हणजे काय?"

"टेबल खिडकीकडे उतरतंय. आणि हा म्हणतोय सरळ आहे."

"मग तो खरं म्हणतोय. बसा आता, जेवून घ्या."

तो बसला नाही. त्याने ताट उचललं, दाराच्या चौकटीला पाठ लावली आणि ताट छातीशी धरून उभ्याउभ्याच जेवला. टेबलावर ठेवलेलं ताट घसरत खिडकीबाहेर जाईल, असं त्याला वाटत होतं. हे खुळ्यासारखं आहे हेही त्याला कळत होतं, आणि तरी वाटायचं ते थांबत नव्हतं.

दुसऱ्या कोणाचं असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण याचा धंदाच सरळपणाचा. कारखान्यात नवं यंत्र आलं की त्याच्या पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारून, म्हणजे पॅकिंग घालून, ते एका पातळीत बसवायचं, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंत सरळ आहे का ते बघायच्या गवंड्याच्या दोरीवरून कामावर सगळे त्याला ओळंबा म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. कोणाच्या घरी गेला तरी तो आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा आणि मगच खुर्चीवर टेकायचा. बायको त्याला खुणेने दटावायची, यजमान हसायचे, आणि तसबीर मात्र त्या दिवसापासून सरळ राहायची.

नुकताच तो एका लांबच्या कामावरून परतला होता. दलदलीच्या मुलखात, नदीच्या काठावर पंपघर उभं राहत होतं. तो आणि त्याचा जोडीदार, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, असे दोघं तिथे यंत्रं बसवायला गेले होते. तिकडे मलेरिया फार, म्हणून कंपनीने दोघांना गोळ्या दिल्या होत्या. आठवड्याला एक, आणि परतल्यावरही महिनाभर घ्यायची. ते बायकोने मनावर घेतलं होतं. रविवारी जेवण झालं की ती गोळी आणि पाणी घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची आणि त्याने गिळल्याशिवाय हलायची नाही. गोळी तापासाठी होती, आणि ताप तर त्याला आला नव्हता. तेव्हा गोळीबद्दल विचार करण्यासारखं काही आहे, असं दोघांच्याही मनात आलं नाही.

ताप नव्हता, पण बाकी बरंच काही होतं. पंपघर मागे राहिलं तरी पंपाची घरघर कानात राहिली होती. रस्त्यावरून चालताना पाय मध्येच एखादी पायरी चुकल्यासारखा खाली जायचा, आणि तिथे पायरी नसायची. स्वप्नं तर इतकी लख्ख पडायची की ती खरीच घडली असं धरून तो सकाळी बायकोला विचारायचा.

"तू काल कात्री विहिरीत का टाकलीस?"

"कुठल्या विहिरीत?"

त्यांच्या घराला विहीर नव्हती.

अशातच छापखान्याचं काम निघालं. नवं यंत्र होतं, भलं मोठं, आणि त्याचा एक पाय जरी केसभर वर राहिला तरी छपाईचे रंग एकमेकांवर चढणार होते. त्याने सकाळपासून खपून यंत्र बसवलं. बुडबुडा मध्ये आला. हाताखालचे लोक जेवायला गेले. तो एकटाच यंत्रापाशी उभा राहिला आणि त्याला पायाखालची फरशी खिडक्यांच्या बाजूला ओढायला लागली. यंत्रही तिकडेच कललेलं दिसत होतं, साफ दिसत होतं. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर तो चालला, त्या बुडबुड्यावर त्या दुपारी त्याचा विश्वास उडाला. त्याने खिडकीकडच्या पायांखाली आणखी पट्ट्या सारल्या. नंतर फोरमन आला, त्याने स्वतःची पाणसळ यंत्रावर ठेवली आणि बराच वेळ तो नुसता बघत राहिला.

"ओळंबा, हे काय केलंस?"

"सरळ केलं."

फोरमन ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"घरी जा. हत्यारांची पिशवी राहू दे इथेच. तब्येत दाखव, बरा हो आणि मग ये. तुझी जागा मी धरून ठेवतो. पण किती दिवस, ते मला विचारू नकोस."

तो घरी बसला. बातमी ताईपर्यंत पोचली आणि ताई, त्याची थोरली बहीण, भेटायला आली. त्याच्याशी ती हवापाण्याचं बोलली, फळं ठेवली आणि मग स्वयंपाकघरात गेली. दार लोटलेलं होतं, पण ताईची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं.

"काकांवर गेलाय गं. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी घर हलतंय म्हणाले, मग सगळे टपलेत म्हणाले."

बाहेरच्या खोलीत त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. काका त्याला आठवत होते. वडिलांचे धाकटे भाऊ, मागच्या खोलीत राहायचे. त्यांचं ताट नेऊन द्यायचं काम लहानपणी त्याच्याकडे होतं. दार उघडलं की काका आधी ताटाकडे बघायचे, मग त्याच्याकडे, आणि विचारायचे, "काय घातलंय यात?" रोज तेच. लोक त्या खोलीवरून जाताना आवाज बारीक करायचे. आपल्यासाठीही असंच कोणीतरी ताट घेऊन येईल आणि दारात उभं राहील. त्याला मरणाची भीती कधी वाटली नव्हती. त्या खोलीची वाटत होती.

आणि त्या खोलीच्या दिशेने तो पाऊल पाऊल चाललाच होता. बायको वस्तू हलवते, असं त्याला वाटू लागलं. चष्मा टेबलावर ठेवला होता तो खिडकीत कसा गेला? चपला दाराकडे तोंड करून होत्या, त्या कोणी फिरवल्या? तो विचारायचा नाही, नुसतं बघून ठेवायचा. ती मशीनवर वाकलेली असली की तिच्या पाठीकडे बघत राहायचा. एका दुपारी तिने त्याच्या हातात ताट दिलं आणि तो म्हणाला,

"काय घातलंयस यात?"

शब्द बाहेर पडले आणि त्याला आवाज ओळखू आला. तो काकांचा होता.

बायकोने त्याचं ताट स्वतःकडे घेतलं, आपलं त्याच्यापुढे केलं आणि त्याच्या ताटातला पहिला घास खाल्ला. ती रडली नाही. तिने पूर्ण ताट संपवलं. तो मात्र तसाच हात धुऊन उठला. पँट कमरेला राहीना म्हणून तिने त्याच आठवड्यात ती आत घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तो फेरफटका मारून आला तेव्हा टेबलावर नवा टेबलक्लॉथ होता. तिनेच शिवलेला, निळा, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेला.

"एवढा लांब?"

"कापड उरलं होतं. बसून तर बघा."

तो खुर्चीच्या काठावर बसला, उठायच्या तयारीत. तिने ताट ठेवलं. ताट हललं नाही. त्याने टेबलावर तळहात पसरला, मग दुसरा. टेबल शांत होतं. खोली खिडकीकडे कललेली होती, जमीन कललेली होती, आणि त्या सगळ्यात टेबल तेवढं सरळ उभं होतं. हे कसं काय, हे त्याला उमगेना. पण भूक लागली होती. तो जेवला आणि आणखी वाढायला सांगितलं.

"टेबल सरळ झालं," तो म्हणाला.

"झालं ना," ती म्हणाली आणि भांडी नसलेल्या मोरीत नळ सोडून उभी राहिली.

एकदोन दिवसांत पलंगही सरळ झाला. त्याला झोप लागू लागली. फक्त रविवारची गोळी घेतली की पुढे दोनेक दिवस सगळं पुन्हा बिनसायचं, टेबलसुद्धा. मग ते आपोआप परत ठिकाणावर यायचं. हा हिशेब काही केल्या त्याच्या डोक्यात बसत नव्हता.

त्यानंतर ढोल्या आला. आल्या आल्या त्याने खुर्ची करकरवली, चहा घेतला, छापखान्यातल्या गप्पा सांगितल्या. कप टेबलावर ठेवताना तो थबकला. त्याने कपातल्या चहाकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोने त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

"घ्या ना भाऊजी."

तिने त्याच्याकडे पाहिलंही असं, की त्याने निमूट बिस्कीट उचललं. ते चावता चावता त्याने सहज विचारलं,

"ती गोळी संपली का तुझी?"

"एक राहिलीय."

ढोल्याचं चावणं थांबलं.

"तू अजून घेतोयस? मी तर तिकडेच बंद केली. भिंती चालत अंगावर यायच्या रे माझ्या. डॉक्टरला विचारलं, तर त्याने लगेच बदलून दिली. म्हणाला, काहींच्या डोक्याला सोसत नाही ती."

मशीनवरची रिळं नीट लावत असलेली बायको तशीच उभी राहिली.

"मग मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"काय सांगू? भिंती चालतात म्हणून? आणि तेही तुला?" ढोल्या ओशाळला. "तू ओळंबा. आयुष्यभर चिडवलं असतंस."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्याला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, आणि तो कलंडला तेव्हा स्वतः धरलं. काकांचं त्याने सांगितलं नाही. बायकोने सांगितलं, आणि बाईंनी मान हलवली.

"काकांचं मला माहीत नाही. पण चक्कर, कानातला आवाज, ही स्वप्नं, संशय, हे या गोळीने होऊ शकतं. आजपासून ती बंद. उरलेल्या दिवसांसाठी दुसरी देते. ही मात्र अंगातून सावकाश जाते. बहुतेकांचं निवळतं. काहींचं रेंगाळतं. कोणाचं किती, हे आधी सांगता येत नाही."

घरी परतल्यावर कुलूप उघडता उघडता बायको म्हणाली, "मीच देत होते. माझ्या हाताने." किल्ली काही केल्या लागेना. शेवटी त्याने ती तिच्या हातातून घेतली आणि दार उघडलं. तिच्या पाठीकडे आपण कसल्या नजरेने बघत होतो ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

मग हळूहळू निवळू लागलं. पंपाची घरघर आधी दूर गेली, मग फक्त कधीमधी ऐकू येऊ लागली. स्वप्नं स्वप्नांच्या जागी राहू लागली. रस्ता पायाखाली गप्प पडून राहायचा. तो दूध आणायला जायचा, लोकांशी बोलायचा, परतताना वाण्याच्या दुकानातली वाकडी पाटी सरळ करून यायचा. बायको मशीन चालवता चालवता गुणगुणू लागली.

आणि एका सकाळी तो चहाला बसला, तर टेबल उतरत होतं.

त्याने डोळे मिटले, उघडले. उतरतच होतं. आधी खिडकीकडे उतरायचं, आता उलट दाराकडे. तळहात ठेवला तर तोही तेच सांगत होता. तो उठून पलंगावर जाऊन आडवा झाला. पलंगही दाराकडे उतरत होता. काहींचं रेंगाळतं, असं बाई म्हणाल्या होत्या. ते काही म्हणजे आपणच, हे त्याला कळून चुकलं. आजार गेला नव्हता, त्याने फक्त कूस बदलली होती. पाण्याने पेला भरून बघायचा धीर त्याला झाला नाही. आपल्या डोळ्यांना काय दिसेल याचा भरवसा नव्हता, आणि जे दिसेल ते खरं मानायचं की नाही, याचाही.

"टेबल कसं आहे आज?" बायकोने विचारलं. ती रोजच विचारायची.

गुणगुणणं थांबेल, म्हणून तो म्हणाला, "सरळ."

तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता. तो दिसला नाही. ती नुसती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली. हेही त्याला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सरळ म्हटलं, आणि ती पुन्हा तशीच उतरल्या तोंडाने उठून गेली. असं रोज चाललं. तो जेवताना ताटाला डाव्या हाताचं बोट लावून बसायचा, ती ते बघूनही न बघितल्यासारखं करायची.

अशात फोरमनचा फोन आला.

"ढोल्या म्हणाला, सुधारलास. सोमवारपासून येतोस ना?"

"अजून थोडं थांबतो."

"किती थांबतोस बाबा? मला वरून विचारतात. शनिवारपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

त्याने फोन खाली ठेवला. टेबल सरळ आहे की नाही हे ज्याला कळत नाही, त्याने यंत्राला हात कसा लावायचा? आणि यंत्राला हात लावायचा नाही तर मग तो कोण? मागच्या खोलीत बसलेला एक माणूस. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, पण फोनवरचं तिने ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी दोघं टेबलापाशी मटार सोलत बसले होते. मध्ये मोठं सपाट ताट होतं. उन्हं आत आली होती, शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा होत होता. त्याने दाणे ताटात टाकले. ते घरंगळत दाराकडच्या काठाला गेले. तिने टाकले, तेही तिकडेच गेले. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की ताटाची खिडकीकडची बाजू रिकामी आहे आणि सगळे दाणे दाराकडे दाटीवाटीने जमलेत.

तो बघत राहिला. त्याने एक दाणा उचलला, ताटाच्या मधोमध ठेवला आणि बोट काढून घेतलं. दाणा जरासा थांबला आणि दाराकडे गेला. दाण्याने काही गोळी घेतली नव्हती.

त्याने वर पाहिलं. बायकोच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"तुला दिसतंय?" त्याने विचारलं.

"काय?"

"दाणे कुठे जातायत."

"दाराकडे," ती म्हणाली. मग घाईघाईने, श्वास धरून, "तुम्हाला?"

"दाराकडे."

तिने शेंग टाकली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. इतके दिवस त्याच्यासमोर न रडलेली ती आता रडत होती आणि बोटांच्या फटीतून हसतही होती.

"कधीपासून?"

"आठवडा झाला असेल."

"मग रोज सरळ सरळ म्हणत होतात ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"अहो," ती म्हणाली, "मी रोज वाट बघत होते, आज म्हणाल वाकडं आहे, आज म्हणाल."

ती उठली आणि तिने खिडकीकडचा टेबलक्लॉथ वर उचलून धरला. तो गुडघे टेकून खाली वाकला. खिडकीकडच्या दोन्ही पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे होते. कापडाच्या ताग्यातला जाड पुठ्ठा, पायाच्या मापाने चौकोनी कापलेला, एकावर एक रचून कडेने दोऱ्याने शिवलेला. सरकू नये म्हणून. त्याने अंगठ्याने एका बाजूची जाडी चाचपली, मग दुसऱ्या बाजूची.

"दोन्हीकडे सारखं आहे," तो टेबलाखालूनच म्हणाला.

"सारखंच घालायचं असतं ना?"

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? इतकी वर्षं ऐकतेय, पॅकिंग पॅकिंग."

तो बराच वेळ टेबलाखालून बाहेर आला नाही. तो निळ्या कापडाच्या आडोशाला बसून होता आणि डोळे पुसत होता. तिने कापड तसंच धरून ठेवलं.

मग त्याने खालून खांदा लावला. "उचलतो. तू काढ."

टेबल खाली टेकलं. वर ताटातले दाणे सैलावून पसरले. पुठ्ठ्याच्या गड्ड्या तिने झटकल्या आणि केराच्या डब्याकडे न नेता शिलाईच्या डब्यात ठेवल्या. त्याने ते पाहिलं. पलंगाच्या मात्र तो स्वतःच काढायला गेला.

दुपारी त्याने फोरमनला फोन लावला.

"बोल," फोरमन म्हणाला. "आता सगळं सरळ दिसतंय ना?"

"नाही," तो म्हणाला. "घरातलं टेबल वाकडं होतं, ते वाकडं दिसलं. सोमवारी येतो."